थांबा, अजून गरम आहे

आमच्या लॅबमधला व्हॅक्यूम पंप फक्त दख्खनीत चालायचा. त्याला वीज लागायची, तेलही लागायचं, पण हे सगळं मिळूनही तो मध्येच घरघर करून गप्प बसला, की रेणुताई त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणायची, "चलो मियाँ, नखरे नक्को करो. सबेरे सबेरे कैकू दिमाग खारैं?" की झाला सुरू. मी एकदा हेच मराठीत करून पाहिलं. पंपाने मला ओळखही दाखवली नाही.

फ्लास्कांशी मात्र ती मराठीत बोलायची, आणि तेही "अहो" म्हणून. धुताना काही फुटलं तर रागवायची तेलुगूत. "तेलुगूत रागावलेलं कुणाला लागत नाही," असं तिचं मत होतं. आमचे गाईड राव सर स्वतः तेलुगू असल्यामुळे त्यांना ते मुळीच मान्य नव्हतं.

हैदराबादेत तारनाक्याजवळच्या विद्यापीठात, रसायनशास्त्राच्या इमारतीत सगळ्यांत वरच्या मजल्यावर आमची लॅब. रेणुका सेलूकर ही तिथली सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी. तेलुगू मुलं तिला अक्का म्हणत, तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणारा सलीम आपा म्हणे, सर रेणुकम्मा म्हणत आणि मी ताई म्हणायचो. आम्ही दोघंही गौलीगुड्याचे. तिचं घर आमच्या मागच्या गल्लीत, त्यामुळे एकाच बसने जायचो आणि एकाच बसने यायचो. रेणुताईला एखादी नवी गोष्ट कळली की ती तिच्या पोटात म्हणून राहत नसे. "गिऱ्या, ऐक ना" अशी सुरुवात व्हायची आणि कोटीचा स्टॉप येईपर्यंत मी ऐकत असायचो. माझ्याबरोबर निम्मी बस ऐकायची. एकदा मी एकटाच होतो तर कंडक्टरने तिकीट देताना चौकशी केली, "मेडम का वो पीला वाला साफ हुआ क्या?" पिवळा म्हणजे तिचा तेव्हाचा पदार्थ.

दिसायला ती लहानखुरी. चष्मा डोक्यावर सरकवून सगळ्या लॅबभर शोधायची. आणि अंबाड्यात काचेची कांडी खोचलेली. रसायनं ढवळायची ती साधी कांडी, पण हाताशी असावी म्हणून तिने ती केसांत मुक्कामाला ठेवली होती. तशीच ती एका लग्नाला गेली, तर बायकांनी विचारलं, हे कुठल्या सराफाकडचं? तिने कांडी काढून दाखवली आणि तिचे उपयोग सांगायला बसली. मुहूर्ताच्या अक्षता तिच्या हातातच राहिल्या.

आता तिची खरी कीर्ती कशात होती ते सांगतो. आमच्या धंद्यात एखादा पदार्थ स्वच्छ हवा असेल तर त्याचे स्फटिक करतात. गरम द्रावण करायचं, ते गार होऊ द्यायचं आणि वाट पाहायची. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात वर्षभर राबून फ्लास्कच्या तळाशी काकवीसारखं काहीतरी चिकट बसतं आणि स्फटिकाचं नाव नाही. असा रुसलेला फ्लास्क पोटाशी धरून लोक शेजारच्या लॅबमधून, खालच्या मजल्यावरून, कधी कधी दुसऱ्या इमारतीतूनही रेणुताईकडे यायचे. चेहरे असे, की आजारी मूल दाखवायला आणलंय.

ती फ्लास्क उजेडात धरून बघायची. "काय हो, काय झालं? कुणी घाई केली तुम्हाला?" घाई करणारा माणूस समोर उभा असायचा, तो मान खाली घालायचा. मग द्रावण पुन्हा गरम व्हायचं, अंबाड्यातली कांडी बाहेर यायची, धुतली जायची, आणि ती फ्लास्कच्या आतल्या बाजूला हलकेच खरवडायची. त्यावर रुमाल टाकायची. आणि मग फर्मान सुटायचं: पाठ फिरवा.

लॅबमधल्या प्रत्येकाने फ्लास्ककडे पाठ करून उभं राहायचं. रेणुताईही पाठ करायची. स्फटिक लाजतात, असं ती सांगायची. कुणीतरी बघतंय म्हटलं की येत नाहीत. कुणी चुळबुळ केली, कुणी "आले का?" म्हणून मान वळवली, की तिचं ठरलेलं वाक्य यायचं, "थांबा, अजून गरम आहे." सलीमसाठी "ठैरो, अब्बी गरम है." तेलुगू मुलांसाठी "आगंडी, इंका वेडिगा उंदि." लवकर येणार नाहीत असं तिला वाटलं तर ती सगळ्यांना खाली चहाला पिटाळायची. परत येऊन रुमाल उचलला की आत सुया, पापुद्रे, कधी बर्फीसारखे चौकोन. आलेले स्फटिक आम्ही शेकड्याने पाहिले. येताना मात्र कुणीच कधी पाहिले नाहीत, तिनेसुद्धा नाही.

मी एकदा बसमध्ये विचारलं, "ताई, खरंच लाजतात का गं?"

"वेडा आहेस का? रसायन कशाला लाजेल? अरे, माणूस बघायला गेला की हलवतो. टिचक्या मारतो. फुंकर घालतो. मग सगळा चिखल होतो. पाठ फिरवल्याशिवाय माणसाचे हात गप्प बसत नाहीत." मग जरा विचार करून म्हणाली, "पण थोडे लाजतही असतील. आपण कुठे पाहिलंय?"

तिच्याकडे आईचा जुना मसाल्याचा डबा होता. जिरं, मोहरी, हळदीच्या वाट्यांमध्ये बोटाच्या पेराएवढ्या बाटल्या, आणि त्यात लॅबमधल्या प्रत्येकाच्या पदार्थाचे पहिले स्फटिक. पुढच्या वेळी तो पदार्थ अडून बसला की त्यातला एक कण द्रावणात सोडायचा. त्याला आम्ही बी टाकणं म्हणायचो. "आपा के डब्बे में सबकी इज्जत बंद है," असं सलीम म्हणायचा, आणि सर जरी समोर नाक मुरडायचे तरी आग लागल्याची घंटा वाजली त्या दिवशी ते सगळ्यांत आधी तो डबा उचलून पळाले होते. घंटा खोटी निघाली. डबा त्यांनी संध्याकाळपर्यंत खोलीतच ठेवला.

असं हे माणूस पीएच.डी. झालं. व्हायवाच्या दिवशी तिने पेढे वाटले, फोटो काढले, सरांच्या पाया पडली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या बसला हजर! लॅबमध्ये येऊन एप्रन चढवला, पंपाची समजूत काढली आणि कामाला लागली. फेलोशिप संपली होती, काम संपलं होतं, तिच्या टेबलावर नवीन मुलगी येणार होती. "एवढं जरा आवरते" म्हणून ती आवरत राहिली. सर तिच्याकडे बघायचे, घसा खाकरायचे आणि खोलीत निघून जायचे. जा म्हणायला आमच्यापैकी कुणाचीच जीभ रेटेना. मला तर ती कधीच जाऊ नये असं वाटत होतं.

मग एकाच आठवड्यात दोन ठिकाणांहून बोलावणं आलं. एक जामबागेतलं जुनं कॉलेज, तिथे रसायनशास्त्राची शिक्षिका हवी होती. दुसरी शहराबाहेरची मोठी औषधकंपनी, तिथे संशोधन विभागात जागा होती. दोघांनाही उत्तर एकाच सोमवारी हवं होतं.

इथे रेणुताईची एक खोड सांगायला हवी. तिला कुणी सल्ला दिला की ती हटकून विरुद्ध बाजू घ्यायची. भांडायला म्हणून नाही. "दुसऱ्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे ना" अशी तिला दया यायची. आणि बोलायला लागली की ती जिंकायची, ही त्यातली मोठी अडचण.

तिचे वडील, अण्णा, कोर्टातल्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांचे वडील मास्तर, आजोबा मास्तर. अण्णा म्हणाले, "कॉलेज. ह्यात विचार कसला करायलीस?" झालं. रोज रात्रीच्या जेवणात ती अण्णांना कंपनीची बाजू सांगू लागली. तिकडे कशी यंत्रं आहेत, तिथला पदार्थ कसा खऱ्या आजाऱ्याच्या पोटात जातो, कॉलेजात प्रयोगशाळेच्या नळाला पाणी येईल की नाही याची शाश्वती नाही.

इकडे राव सर म्हणाले, "चूडम्मा, हे बघ रेणुकम्मा, भावनेत जाऊ नको. कॉलेजात काय ठेवलंय? कंपनीत जा." मग दिवसभर लॅबमध्ये सरांपुढे कॉलेजची बाजू. शिकवलं नाही तर पुढची मुलं येणार कुठून, सर? तुमच्याकडे आज मी आहे ती कुठल्या तरी कॉलेजातल्या बाईंमुळेच ना, सर? सर हतबल होऊन खडूचे तुकडे करायचे.

"पण तुला स्वतःला काय वाटतं?" असं मी बसमध्ये विचारलं.

"थांब ना. अजून गरम आहे."

आधी कॉलेजचा नंबर लागला. तिथे प्राचार्य, संस्थेचे लोक आणि बी.एस्सी.चा भरलेला वर्ग यांच्यासमोर एक तास घ्यायचा होता. विषय तिचाच, स्फटिकीकरण. पण लाजाळू पदार्थ परक्या लोकांत आला नाही तर पंचाईत, म्हणून तिने एक निर्लज्ज पदार्थ निवडला. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून आटवलं की सोडियम ॲसिटेट मिळतं. त्याचं दाट द्रावण अलगद गार केलं तर ते पाण्यासारखं गप्प राहतं, आणि कणभर बी टाकलं की सगळंच्या सगळं क्षणात गोठतं. हे तिने घरी करायला घेतलं. तिच्या आईच्या, म्हणजे काकूंच्या, दुधाच्या पातेल्यात.

मी गेलो तेव्हा गल्लीच्या तोंडापर्यंत आंबट वास येत होता. अण्णा गच्चीत जाऊन बसले होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात, नाकाला पदर लावून. "काय करायलीस गं माझ्या पातेल्यात?"

"आई, ऐक ना, हे बघ, आता ह्यातलं पाणी जाणार आणि..."

काकू नाकाला पदर लावूनच शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. त्या घरात रोज असंच चालायचं. काकूंचं शिक्षण फार झालेलं नाही, पण मुलीच्या पीएच.डी.चा पिवळा पदार्थ कुठल्या टप्प्यावर किती वेळा बिघडला ते त्यांना तोंडपाठ होतं.

वर्गात मी मागच्या बाकावर बसलो होतो, फ्लास्क सांभाळून आणणारा म्हणून. रेणुताईने फ्लास्क टेबलावर ठेवला आणि बोलू लागली. थोडी मराठी, हैदराबादी हिंदी, मध्येच तेलुगू, वर इंग्रजीची फोडणी. पोरं पाच मिनिटांत पुढे सरकून बसली. "मेडम, डालो ना बी!" असा ओरडा सुरू झाला. "ठैरो, अब्बी गरम है." घंटा वाजली, एकही पोर उठलं नाही. मग तिने चिमटीतला कण सोडला आणि फ्लास्क एका दमात पांढराशुभ्र झाला. मुलं बाकांवर चढली. आणि गंमत म्हणजे हा पदार्थ गोठताना उष्णता सोडतो. तिने फ्लास्क तसाच उचलून प्राचार्यांच्या हातात दिला, "सर, हात लावून बघा." प्राचार्य "अरे, अरे, हे तर तापलं!" असं म्हणाले आणि तो शेजारच्या संस्थाचालकांकडे दिला, त्यांनी तिसऱ्याकडे, आणि फ्लास्क सगळ्या वर्गभर फिरून आला. शेवटी कुणीच काही विचारलं नाही. संस्थाचालकांनी फक्त एवढंच विचारलं की हे घरी नातवंडांना करून दाखवता येईल का. तिने पातेलं दुसरं घ्या म्हणून सांगितलं.

कंपनीतली मुलाखत तिने बसमध्ये आम्हाला करून दाखवली. कंडक्टरसह. तिथे चारजण समोर बसलेले, टाय लावून. त्यांनी एक फ्लास्क पुढे केला. आत काकवी. हे स्फटिकरूपात आणून दाखवा, म्हणाले. रेणुताई फ्लास्क बघताच विसरली की ही मुलाखत आहे. "काय हो, कुणी घाई केली तुम्हाला?" असं तिने मराठीत विचारलं. टायवाल्यांना वाटलं त्यांना विचारलं. तिने गरम केलं, अंबाड्यातून कांडी काढली, धुतली, खरवडलं, रुमाल टाकला, आणि सवयीने फर्मान सोडलं, "ऑल ऑफ यू, प्लीज टर्न अराउंड."

आणि ते चौघे वळले! साहेबलोक भिंतीकडे तोंड करून उभे. एकाने हळूच मान वळवली तर "ठैरो सर, अब्बी गरम है." शेवटी तिने त्यांना चहाला पाठवलं. त्यांच्याच कंपनीत, त्यांच्याच खोलीतून. परत आले तेव्हा फ्लास्कमध्ये सुया उभ्या होत्या. त्यातला मुख्य माणूस हसून हसून लाल झाला आणि म्हणाला, चला, आता आमची गंमत बघा.

इथे येऊन रेणुताईचा आवाज बदलला. त्यांच्याकडे एक मोठं भांडं होतं आणि द्रावणाच्या आत सोडलेला एक कॅमेरा. पडद्यावर आतलं दिसत होतं. "आमची गुपितं दाखवता येणार नाहीत" म्हणून त्यांनी तिला साखरच दाखवली. "गिऱ्या, नुसती साखर रे. आधी काहीच नव्हतं. मग एक ठिपका. मग त्या ठिपक्याला कोपरे फुटले. मग चारीकडून. कुणीही लाजत नव्हतं." चादरघाटपासून कोटीपर्यंत रेणुताई गप्प बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. कंडक्टरनेही मला खुणेने विचारलं, बरं नाही का?

दोन्हीकडून होकार आला. आता खरोखरच ठरवायचं होतं आणि तिला ठरवता येईना. कंपनीत आयुष्यभर बघायला मिळणार होतं, पण बाहेर कुणाला सांगायचं नाही अशा करारावर सही करावी लागणार होती. भांड्यात काय आहे हे घरी नाही, मित्रांना नाही, बसमध्ये तर नाहीच. कॉलेजात वाटेल तेवढं सांगता येणार होतं, पण कॅमेरा सोडा, सगळ्या फ्लास्कांना बुडंही धड नव्हती.

"करून बघू," ती म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही की ती हेच म्हणायची. एक दिवस कंपनीत असल्यासारखं राहायचं, एक दिवस कॉलेजात असल्यासारखं. सलीम आणि मी परीक्षक.

कंपनीचा दिवस सुरू झाला. सकाळी बसमध्ये तिने एका नव्या द्रावणाची चिठ्ठी पर्समधून काढली, वाचली आणि ओठ घट्ट मिटून खिडकीबाहेर बघत राहिली. लॅबमध्ये तिने फ्लास्क चढवला. सलीमने मुद्दाम विचारलं, "आपा, क्या है इसमें?" "नै बोल सकती." जेवताना तिने डबा उघडला आणि न बोलता जेवली. दुपारी तिच्या फ्लास्कमध्ये काहीतरी भलतंच सुंदर घडलं असावं, कारण तिने तोंडावर हात दाबला, एका पायावर उडी मारली आणि पंपाच्या खोलीत पळाली. आम्ही मागोमाग गेलो. दार लोटलेलं. आतून दख्खनीत कुजबुज चालली होती, "मियाँ, किसी को बोलना नक्को. हरा था, पूरा हरा, एकदम गुलाबी हो गया!"

सलीम हसून हसून खाली बसला. "आपा फेल! पंप को बोल दिए!" तीही हसत बाहेर आली, पण डोळे भरून आले होते. "हसू नका रे. सकाळपासून कुणाला सांगितलं नाही तर असं वाटायला लागलं की झालंच नाही काही."

कॉलेजच्या दिवशी तिने कशाला हात लावायचा नाही, फक्त नुकत्याच आलेल्या नव्या मुलीला शिकवायचं, असं ठरलं. हात मागे बांधून ती उभी राहिली. नवी मुलगी फ्लास्क खरवडू लागली आणि रेणुताईचे खांदे तसतसे हलू लागले. "जरा वरून. नाही, हलक्या हाताने. अगं बाई, मनगटातून!" शेवटी तिने अंबाड्यातली कांडी काढली, आम्ही ओरडलो, तिने ती परत खोचली. दिवसभरात कितीदा हे झालं कोण जाणे. तिथेही नापासच. पण संध्याकाळी नव्या मुलीच्या फ्लास्कमध्ये स्वतःच्या हाताने आणलेले पहिले स्फटिक आले, ती मुलगी "अक्का, वच्चायी! वच्चायी!" असं ओरडत नाचायला लागली आणि तिच्याबरोबर रेणुताईही, चष्मा डोक्यावरून उडून सिंकमध्ये पडेपर्यंत.

रविवारी अण्णांनी सरांना जेवायला बोलावलं. काकूंनी येसराची आमटी केली होती. मला वाटलं, आता दोघे आपापल्या बाजू मांडतील आणि काहीतरी ठरेल. झालं भलतंच.

अण्णांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "सर, मी तर म्हणतो कंपनीच. खडू घासत बसायचं का पोरीनं? तिथला पदार्थ खऱ्या आजाऱ्याच्या पोटात जातो!"

सर ताटावरून उठायच्या बेतात. "नै नै अण्णागारू, ऐसा कैसा बोलते? पढ़ाए नै तो आगे के बच्चे किधर से आते? मेरे पास रेणुकम्मा किधर से आई?"

"कॉलेजात नळाला पाणी येत नाही, सर!"

"पानी मँगा लेते! बच्चे नै मँगा सकते!"

दोघे रेणुताईचीच वाक्यं एकमेकांच्या अंगावर फेकत होते. दोघांनाही तिने पुरतं पटवलं होतं, फक्त उलटं. ती मध्ये बसून एकदा इकडे, एकदा तिकडे बघत होती, आणि तिच्या लक्षात आलं तेव्हा तिला असा ठसका लागला की मला पाणी द्यायला उठावं लागलं. आता तिने काहीही निवडलं असतं तरी तिचाच पराभव होता.

गोंधळ शिगेला पोचला तेव्हा काकू आमटी वाढायला आल्या. आठवडाभर त्यांचं मत कुणी विचारलं नव्हतं. सरांना वाढलं, अण्णांना वाढलं, आणि वाटीत पळी धरून म्हणाल्या, "रेणू, मला ह्यातलं काही कळत नाही. तू संध्याकाळी घरी येऊन 'आई, ऐक ना' म्हणणार का नाही, तेवढं सांग."

रेणुताईने आईकडे पाहिलं.

"म्हणणार," ती म्हणाली.

"मग झालं. भात घे."

अण्णा म्हणाले, "म्हणजे कॉलेज? असं कसं! अगं, तूच मला..." सरांनी जिंकल्याच्या आनंदात अण्णांच्या वाटीतलीच आमटी ओरपली. मी खूप हसलो, आणि घरी जाताना गल्लीत एकटाच उभा राहून थोडा रडलोही. तिचा निर्णय झाला, म्हणजे ती आता लॅबमधून खरोखर जाणार होती.

सोमवारी दोन्हीकडे कळवून झाल्यावर ती बसमध्ये म्हणाली, "कॅमेरा मात्र राहिला रे." एवढंच. कंपनीला नकार देताना तिने त्यांना सांगितलं होतं की आमच्याकडे गिरीश म्हणून एक मुलगा आहे, त्याचं संपलं की बोलवा, हात चांगला आहे, घाई करत नाही.

लॅब सोडताना तिने मसाल्याचा डबा सोबत नेला नाही. "लॅबचा आहे तो," म्हणाली. पंपाचा निरोप घ्यायला ती बराच वेळ त्या खोलीत होती. तिथे काय बोलणं झालं ते आम्ही ऐकलं नाही, पण त्यानंतर आठवडाभर पंप सलीमच्या दख्खनीलाही बधला नाही.

पुढे माझंही संपलं आणि त्या कंपनीने मला खरंच बोलावलं. आता मी त्या पडद्यासमोर बसतो. काय बघतो ते सांगायची सोय नाही, सही केली आहे. मला ते जमतं. पण कधी कधी पडद्यावर ठिपक्याला कोपरे फुटायला लागले की माझं लक्ष शेजारच्या खुर्चीकडे जातं.

मध्यंतरी सलीमच्या लग्नाचं कार्ड द्यायला मी जामबागेत तिच्या कॉलेजात गेलो. प्रयोगशाळेच्या दाराशी शिपाई काळजीत उभा होता. "अंदर सब लोगां दीवाल की तरफ मूँ करको खड़े हैं साब. मेडम सबकू सजा दिए क्या, मालूम नै."

मी आत डोकावलो. सगळा वर्ग भिंतीकडे तोंड करून उभा होता. खांदे हलत होते, कुणी कुणाला कोपराने ढोसत होतं, एका पोराने हसू आवरायला एप्रनची बाही तोंडात कोंबली होती. मधल्या टेबलावर साधं बेंझॉइक ॲसिड, कॉलेजातल्या पहिल्या वर्षाचं. पण फ्लास्कवर रुमाल नव्हता. आणि रेणुताईने पाठ केली नव्हती. अंबाड्यात कांडी, डोक्यावर चष्मा, आणि फ्लास्कच्या काचेला नाक लागेल इतकी वाकून ती आत बघत होती. हात मात्र पाठीमागे घट्ट बांधलेले.

तिला चाहूल लागली. मी दिसताच तिचा चेहरा फुलला, मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि तिने मान न हलवता एक बोट वर केलं. "ठैरो. अब्बी गरम है."

इतक्या वर्षांची सवय. मी निमूटपणे पाठ फिरवली आणि व्हरांड्याच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. माझं बघून शिपाईही वळला. आत कुणीतरी फिसकन हसलं, मग तेही थांबलं. खालच्या मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवली. मी वाट बघत राहिलो की आता रुमाल उचलल्यावर म्हणायची तसं ती "आले" म्हणेल.

"आए नै अब्बी," मागून तिचा आवाज आला. कुजबुजत, पण आनंदाने फुटायच्या बेतात. "आरैं. अब्बी आरैं. पलटो! जल्दी पलटो, हाथ पीछे!"

एकदम धडाधड पावलं, बाकं सरकल्याचा आवाज, आणि मग सगळ्या वर्गाचा मिळून एक लांब "हाऽऽ". मी अजून भिंतच बघत होतो.

"गिऱ्या! तू काय भिंत बघायलास? ऐक ना, ये ना इकडे, कोपरे फुटायलेत बघ!"

मी हे रोज बघतो. त्याचाच पगार घेतो. तरी कार्ड शिपायाच्या हातात कोंबलं आणि पोरांना ढकलत आत घुसलो.